आपली आपण भरणारी बंदूक

ठासणीची बंदूक भरणे हे किती सावकाशीचे आणि सोपस्काराचे काम होते, हे जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातील जुन्या माणसांना वेगळे सांगावयास नको. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतावयाची, तीवर चिंधीचा बोळा बसवावयाचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, हे सारे लोखंडी गजाने ठासावयाचे आणि सरतेशेवटी नळीच्या बुडाशी ठोक्याने पेटणारी केप चढवून घोडा ओढावयाचा, एवढा खटाटोप एका बाराकरिता करावा लागे. आणि तो बार चुकला, तर दुसरा भरून होईपर्यंत रानडुक्कर नाचणीचे वावर तुडवून पलीकडच्या रानात पसार झालेले असे.

याच्या शेजारी ‘पॉइंट टू-टू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीची अर्धस्वयंचलित रायफल ठेवून पाहावी. तिला किल्ली द्यावी लागत नाही, तीत विजेचा घट नसतो, आणि तरीही चाप एकदा दाबताच गोळी सुटते, रिकामी पुंगळी बाजूला फेकली जाते, नवे काडतूस नळीच्या बुडाशी येऊन बसते आणि बंदूक पुढच्या बारास सिद्ध होते. भरण्याचे हे काम करते तरी कोण? आणि नळीचे बूड प्रत्येक बारागणिक आपोआप उघडत असेल, तर तो जळता वायू मागे येऊन नेमबाजाच्या तोंडावर कसा आदळत नाही?

या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी दडलेली आहेत. आणि ज्याला अशी रायफल पारखावयाची आहे, किंवा तिच्याऐवजी दुसरी कोणती घ्यावी हे ठरवावयाचे आहे, त्याने लाकडाची झिलई आणि कारखान्याचे नाव पाहण्यापूर्वी ही उत्तरे समजून घेणे हिताचे आहे. या बंदुकीचे सारे गुण आणि सारे दोष तिच्या काडतुसाच्या एका पातळ पितळी कडेपासून उगम पावतात, असे माझे मत आहे, आणि ते सिद्ध करण्याचा हा प्रयत्न आहे.

पितळी कडेवरचा ठोका

या रायफलीची एक रिकामी पुंगळी तळहातावर घेऊन नीट न्याहाळावी. ती सुमारे साडेपंधरा मिलिमीटर लांबीची, पितळेची, बोटाच्या पेराहूनही आखूड अशी नळकांडी असते. तिचे बूड बंद असते आणि त्या बुडाभोवती सुमारे सात मिलिमीटर व्यासाची एक बारीक कड बाहेर आलेली असते. पोलीस शिपायाच्या खांद्यावर दीर्घकाळ दिसलेल्या ‘थ्री नॉट थ्री’ची पुंगळी पाहिली, तर तिच्या बुडाच्या मध्यभागी एक गोल टिकली बसविलेली आढळते आणि ठोक्याची खूण त्या टिकलीवर असते, या लहान पुंगळीच्या मध्यभागी मात्र काहीच नसते आणि ठोक्याचा खड्डा थेट कडेवर उमटलेला दिसतो. कड आतून पोकळ असते. आघाताने पेटणारा स्फोटक मसाला ओला असताना पुंगळीत घालून ती गरगर फिरविली, की तो बाहेरच्या बाजूस ओढला जाऊन कडेच्या पोकळीत सर्वत्र पसरतो. पुढे फायरिंग पिनने कड चेपली, की दोन पितळी पापुद्र्यांमध्ये सापडलेला मसाला भडकतो आणि मुख्य दारू पेटवितो. कडेवर ठोका घेऊन पेटणाऱ्या अशा काडतुसास ‘रिमफायर’ म्हणतात.

ही कल्पना ठासणीच्या बंदुकीच्या केपातूनच जन्मास आली. फ्रान्समधील लुई-निकोला फ्लोबेर या कारागिराने १८४५ च्या सुमारास केपाच्या तोंडाशीच एक लहानशी शिशाची गोळी बसविली आणि घरातल्या दालनात नेमबाजी करता येईल असे निरुपद्रवी वाटणारे काडतूस तयार केले. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कारखान्याने १८५७ साली त्यात थोडी दारू घालून आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरकरिता ते वापरले; आणि १८८७ साली स्टीव्हन्स या कारखान्याने गोळी अधिक जड व पुंगळी अधिक लांब करून ‘०.२२ लाँग रायफल’ हे काडतूस आणले, जे आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही जवळपास त्याच मापात जगभर वापरले जाते. त्याच्या गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम, व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर आणि वेग साधारणतः सेकंदास ३२५ ते ३८० मीटर असतो.

आता मुख्य मुद्दा असा, की कड चेपली जावयाची तर पितळ पातळच हवे. आणि बूड, कड व भिंत ही एकाच पत्र्याची घडविलेली असल्यामुळे सारी पुंगळीच पातळ ठेवावी लागते. पातळ पुंगळीत जबर दाबाची दारू भरली तर ती फुटेल, म्हणून दारू बेताचीच घालावी लागते. अशा रीतीने या काडतुसाचे दुबळेपण त्याच्या रचनेतच अंतर्भूत आहे. परंतु हेच दुबळेपण आपोआप भरणाऱ्या बंदुकीच्या पथ्यावर कसे पडते, ते आता पाहू.

अडसर नसलेले दार

जुन्या वाड्याचे सागवानी दिंडीदार कल्पनेत आणावे. त्याला अडसर घातलेला नाही, ते नुसते लोटलेले आहे. आतून कोणी त्यावर एकदम धक्का दिला, तर ते उघडेल खरे. परंतु त्याच्या प्रचंड वजनामुळे ते क्षणभर जागचे हलणारही नाही, आणि हलेल तेव्हा सावकाश हलेल. तोच धक्का एखाद्या हलक्या झडपेला बसला असता तर ती तत्काळ भिंतीवर आपटली असती. कुलूप नसतानाही केवळ स्वतःच्या वजनाने काही काळ बंद राहण्याचा हा जो गुण, त्यावरच या रायफलीचे सारे यंत्र उभे आहे.

नळीच्या मागे काडतुसाच्या बुडाला टेकून पोलादाचा एक ठोकळा असतो. त्याला बोल्ट म्हणतात. हाताने चालविण्याच्या रायफलीत हा बोल्ट मुठीने फिरवून खाचेत अडकवावा लागतो, म्हणजे तेथे अडसर आहे. आपण सांगत आहोत त्या रायफलीत तो कोठेही अडकलेला नसतो, मागच्या बाजूच्या एका स्प्रिंगने फक्त पुढे रेटलेला असतो. दारू पेटली की वायूचा दाब गोळीला पुढे आणि पुंगळीच्या बुडामार्फत बोल्टला मागे, असा दोन्हीकडे सारखाच ढकलतो. गोळी २.६ ग्रॅमची, आणि बोल्ट उदाहरणादाखल १८० ग्रॅमचा धरला, तर तो गोळीच्या सुमारे सत्तर पट जड झाला. म्हणून गोळी जितके अंतर पुढे जाईल त्याच्या सत्तराव्या हिश्शाइतकाच तो मागे सरकेल.

हा हिसाब कोणासही करता येण्याजोगा आहे. नळीतील दाब गोळीने पहिले काही सेंटिमीटर कापीपर्यंतच शिखरास पोहोचतो. गोळी तीन सेंटिमीटर पुढे गेली असता बोल्ट अर्धा मिलिमीटरही मागे आलेला नसतो, आणि म्हणून पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसण्याच्या घरात, जवळजवळ संपूर्ण झाकलेली असते. गोळी ४७ सेंटिमीटर लांबीच्या नळीच्या तोंडाशी पोहोचते तेव्हा बोल्ट सुमारे सात मिलिमीटर मागे आलेला असतो. साडेपंधरा मिलिमीटरांची पुंगळी तेव्हाही अर्ध्याहून अधिक आतच असते, आणि तोवर दाब पुष्कळच ओसरलेला असतो. गोळी बाहेर पडली की उरलासुरला दाबही सुटतो, परंतु बोल्टला मिळालेली गती कायम राहते आणि तिच्याच जोरावर पुढची सारी कामे होतात. नेमबाजाच्या तोंडावर वायू का येत नाही, याचे उत्तर हे असे आहे: दार उघडते, पण घरातला वणवा विझल्यावर.

पुढची कामे क्रमाने अशी घडतात. बोल्टवरील एक लहानशी आकडी, एक्स्ट्रॅक्टर, पुंगळीची कड पकडून तिला मागे ओढते. वाटेत उभा असलेला इजेक्टर तिच्या बुडाला टोचा देऊन तिला खिडकीतून बाहेर भिरकावतो. मागे जाताना बोल्ट घोडा दाबून तयार करतो आणि स्प्रिंग आवळतो. ती स्प्रिंग मग बोल्टला पुढे लोटते, आणि पुढे जाताना तो मॅगझिनमधील वरचे काडतूस ढकलत नेऊन चेंबरमध्ये बसवितो.

हीच युक्ती ‘थ्री नॉट थ्री’ला का चालत नाही, हेही यावरून उमगते. तिची गोळी सुमारे ११.३ ग्रॅमची आणि वेग सेकंदास ७४० मीटरांच्या घरात. म्हणजे धक्का दहापट झाला. तो केवळ वजनाने थोपवावयाचा तर बोल्टही दहापट, जवळपास दोन किलोग्रॅमचा करावा लागेल, आणि अशी बंदूक खांद्याला लावणेच कठीण होईल. म्हणून मोठ्या काडतुसांच्या स्वयंभरणी रायफलींत अडसर घालावा लागतो आणि तो योग्य क्षणी काढण्याकरिता नळीतून वायू वळवून घेण्यासारखी गुंतागुंतीची योजना करावी लागते. पातळ कडेच्या दुबळ्या काडतुसाला हे काहीच लागत नाही. या छोट्या रायफलीचे यंत्र साधे, स्वस्त आणि दीर्घायुषी असते, ते या कारणाने.

एका दाबाला एकच बार

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. चाप दाबून धरला की मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या झडत राहतात, ती बंदूक पूर्ण स्वयंचलित. अर्धस्वयंचलित रायफलीत बोल्ट मागे गेला की चाप आणि घोडा यांच्यामधला दुवा तुटतो, आणि बोट पूर्ण सोडल्यावाचून तो पुन्हा जुळत नाही. त्यामुळे दुसऱ्या बारासाठी चाप पुन्हा दाबावाच लागतो. भरणे आपोआप, झाडणे मात्र प्रत्येक वेळी माणसाच्या इच्छेने, अशी येथे वाटणी आहे. कायद्यानेही या दोन जातींत भेद केला आहे, परंतु दोहोंनाही सहजासहजी मोकळीक दिलेली नाही. त्याचा विचार पुढे येईल.

सोयीचे मोल

जे यंत्र प्रत्येक बाराच्या धक्क्यावर चालते, त्याला प्रत्येक बार सारखाच लागतो. काडतुसातली दारू किंचित कमी पडली, तर बोल्ट अर्ध्यातूनच परततो आणि पुंगळी खिडकीत उभी अडकते. येथे एक विसंगती उद्भवते. नेमबाजीच्या उत्तम काडतुसांचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदास सुमारे ३४० मीटरांपेक्षा, मुद्दाम कमी ठेवलेला असतो. कारण उडता उडता तो वेग ओलांडून खाली येणारी गोळी त्या संक्रमणात किंचित डळमळते. स्वयंभरणी यंत्रांना मात्र बहुधा जोरकस, वेगवान काडतूस मानवते. नेमाला जे चांगले, ते यंत्राला कधी कधी अपुरे पडते.

दुसरे मोल काजळीचे. या काडतुसाची शिशाची गोळी पुंगळीच्याच व्यासाची असल्यामुळे तिच्यावरील मेणचट वंगण उघडेच असते. तशात बोल्ट उघडताना थोडा वायू मागेही येतो. ही काजळी, हे मेण आणि शिशाचा चुरा यंत्रात साठत जातो. विंचेस्टर कारखान्याने १९०३ साली रिमफायर जातीची एक आरंभीची स्वयंभरणी रायफल विक्रीस आणली, तेव्हा तिच्यासाठी निराळ्या मापाचे काडतूसच काढले. कारण त्या काळी काळ्या दारूची ०.२२ काडतुसे सर्रास मिळत आणि तिच्या राखेने यंत्र बंद पडले असते.

तिसरे मोल अचूकतेचे. काडतूस वेगाने आणि बिनचूक आत शिरावे म्हणून स्वयंभरणी रायफलीचे चेंबर थोडे सैल ठेवतात; हाताने भरण्याच्या स्पर्धेच्या रायफलीत ते इतके नेटके असते की गोळीचे टोक नळीतल्या आट्यांना आधीच भिडते. चौथी गोष्ट कडेच्या स्वभावातली आहे: मसाला सर्वत्र सारखा पसरला नसेल आणि ठोका नेमका रित्या जागी बसला, तर बार फुसका जातो. अशा वेळी नळी बांधाकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे, मग बोल्ट उघडावा; कारण क्वचित दारू उशिराने पेटते.

पाच रायफली, पाच विचार

जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली आणि बेल्जियममधील एफ. एन. कारखान्याने १९१४ च्या सुमारास काढलेली लहान स्वयंभरणी रायफल ही सौंदर्यदृष्ट्या या कुळातील अग्रणी होय. ती हाताने दोन तुकड्यांत सुटते, काडतुसे दस्त्यातल्या नळीत राहतात आणि पुंगळ्या खाली पडतात, त्यामुळे डावखुऱ्यालाही अडचण होत नाही. रेमिंग्टनने १९५९ साली ‘नायलॉन ६६’ आणली. तिचा दस्ता लाकडाऐवजी नायलॉनचा, म्हणून पाण्याने फुगत नाही. याच जातीच्या रायफलींनी नेमबाज टॉम फ्राय यांनी हवेत उडविलेल्या १,००,०१० लाकडी ठोकळ्यांवर नेम धरला आणि त्यांतले केवळ ६ चुकले, यावरून यंत्राच्या भरवशाचीही कल्पना यावी. १९६० च्या ‘मार्लिन ६०’ची काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात असतात, ती स्वस्त, म्हणून अफाट खपली.

१९६४ सालची ‘रुगर १०/२२’ मात्र एका जुन्या दुखण्याचा विचारपूर्वक इलाज घेऊन आली. कड असलेली काडतुसे पेटीसारख्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचली, की वरच्याची कड कधी खालच्याच्या मागे अडकते आणि काडतूस पुढे सरकत नाही. रुगरच्या दहा काडतुसांच्या फिरत्या मॅगझिनमध्ये प्रत्येक काडतुसास स्वतंत्र खाच असते, त्यामुळे कडेला कड भिडतच नाही. शिवाय नळी दोन स्क्रूंनी बसविलेली असल्यामुळे ती बदलण्यास कारागीर लागत नाही. झेक देशातील सीझेड कारखान्याची ‘५१२’ ही पाचवी. तीत सुटे होणारे पेटीचे मॅगझिन आणि साफसफाईस सोपी अशी मांडणी आहे.

या पाचांत आवडती कोणती, असे मला विचारले, तर मी निःशंकपणे रुगरचे नाव घेईन. ब्राउनिंगची रचना अधिक देखणी आहे, परंतु तिच्या लहानशा पोटातली काजळी काढणे जिकिरीचे. रुगरने कडेचा दोष कडेच्याच ठिकाणी गाठून दूर केला, आणि जी वस्तू मालकाच्या हाताने आपली दुरुस्ती होऊ देते ती अधिक दिवस सेवा करते, हा न्याय बंदुकीलाही लागू आहे.

जव्हारच्या पावसात, मोखाड्याच्या उतारावर

परंतु रायफल कोणत्या मुलखात राहणार, याचा विचार सोडून केलेली निवड अपुरीच. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, मोखाडा त्याच पठाराच्या पूर्वेस. चार महिने येथे पाऊस असा कोसळतो की घरातले कपडे आणि कागददेखील दमट राहतात. अशा हवेत लाकडी दस्ता फुगून नळीवर दाब आणतो आणि गोळी पडण्याची जागा बदलते. नळकांडी मॅगझिनमधील बारीक स्प्रिंग आतून गंजते आणि गंज दिसतही नाही. काजळी ओलावा धरून ठेवते, म्हणून न पुसलेली रायफल लवकर खराब होते. स्वयंभरणी रायफल निगेच्या बाबतीत हाताने भरण्याच्या रायफलीपेक्षा अधिक मागणी करते, आणि ही मागणी येथे दुपटीने वाढते.

दुसरी गोष्ट भूगोलाची. ही गोळी लहान म्हणून तिला खेळणे समजणे घातक होय. अनुकूल कोनात सुटली तर ती दीड किलोमीटरहून अधिक दूर जाते. येथील वस्ती एका गावठाणात एकवटलेली नसून पाड्यापाड्यांनी टेकड्यांच्या उतारावर विखुरलेली आहे; एका पाड्याच्या माळावरून वर रोखलेला बार दुसऱ्या पाड्याच्या खळ्यात पडू शकतो. म्हणून मागे मातीचा उंच, निर्धोक बांध असल्याखेरीज चापाला बोट लावू नये. दुसरा बार आपोआप सिद्ध होत असल्यामुळे स्वयंभरणी रायफलीत ही खबरदारी अधिकच कडक हवी. बार झाल्यावर ती रिकामी आहे असे गृहीत धरणे हाच तिच्या बाबतीतला सर्वांत मोठा धोका आहे.

कायद्याची चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून कोणासही अग्निशस्त्र बाळगता येत नाही. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून सामान्य परवानाधारकास दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या परिशिष्टात पिस्तुलासारखे काही अपवाद वगळून अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रे निषिद्ध वर्गात घातली आहेत, आणि त्या वर्गातील शस्त्र केंद्र सरकारच्या विशेष परवानगीवाचून कबजात ठेवता येत नाही. कमी वेगाची ०.२२ रिमफायर रायफल त्याच परिशिष्टात सौम्य वर्गात मोडते. तात्पर्य, जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज करणाऱ्या साध्या इसमाच्या आवाक्यातील ०.२२ ही हाताने बोल्ट चालविण्याचीच होय.

शिकारीचा तर प्रश्नच उरत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने शिकार बंद केली आहे, आणि मोखाड्याच्या शेजारच्या तानसा अभयारण्यासारख्या क्षेत्रात लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन शिरणेही निषिद्ध आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरावर उपाय हवा असेल, तर तो वनखात्याच्या परवानगीच्या मार्गानेच शोधावा. आणि तशी परवानगी मिळाली तरी ०.२२ तेथे निरुपयोगी, कारण अडीच ग्रॅमची गोळी अशा जनावरास मारीत नाही, जखमी करते, आणि जखमी जनावर स्वतः हाल भोगून माणसासही धोक्यात घालते.

मैदानावरची साक्ष

मग हाताने भरण्याची रायफल घेणे म्हणजे कमी प्रतीवर समाधान मानणे काय? महाराष्ट्राच्या नेमबाजांनी याचे उत्तर दिलेले आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. हे दोन्ही प्रकार ०.२२ रिमफायर रायफलीचेच, आणि त्यांच्या नियमांप्रमाणे प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते. ५० मीटरांवरील त्या लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर असतो. तेथे त्वरेला किंमत नाही, दोन गोळ्यांच्या मधल्या शांततेला आहे.

जेथे त्वरा हाच खेळ आहे, तेथे मात्र स्वयंभरणी यंत्र अपरिहार्य ठरते. २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या जलद टप्प्यात लक्ष्य तीन सेकंदांपुरतेच समोर येते आणि तेवढ्यात हात उचलून, नेम धरून एक गोळी झाडावयाची असते; अशा पाच गोळ्यांची मालिका हाताने बोल्ट चालवून पुरी करणे कठीण. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले, ते ०.२२ च्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाने. दोन्हीकडे काडतूस एकच, कड तीच. काम निराळे, म्हणून यंत्र निराळे.

या वाटेचा आरंभही फार दूर नाही. अंजली भागवत यांना मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात असताना एन. सी. सी.च्या द्वारे नेमबाजीची ओळख झाली. पुष्कळ मराठी तरुणांनी आयुष्यातली पहिली रायफल हातात घेतली ती एन. सी. सी.ची पॉइंट टू-टूच, आणि तीही बोल्ट हाताने ओढण्याची. जव्हार-मोखाड्याच्या मुलामुलींना पोलीस भरतीची आणि सैन्यातील नोकरीची ओढ आहे, डोंगर चढून कमावलेला श्वास आणि स्थिर पाऊल त्यांच्यापाशी आहे, ४.५ मिलिमीटर छिद्राची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेची हवेची रायफल तर परवान्यावाचूनही मिळते. तिच्यावर श्वास, नेम आणि चाप यांची शिस्त बसविलेल्या मुलाला पुढे ०.२२ ची ओळख व्हावयास वेळ लागत नाही.

थोडक्यात

- रिमफायर काडतुसाची कड चेपावी लागते, म्हणून पितळ पातळ. पितळ पातळ, म्हणून दाब कमी. दाब कमी, म्हणून अडसराऐवजी बोल्टचे वजनच पुरते.
- बोल्ट गोळीच्या सुमारे सत्तर पट जड असल्यास, शिखराच्या दाबाला तो अर्धा मिलिमीटरही सरकलेला नसतो.
- अर्धस्वयंचलित म्हणजे भरणे आपोआप, झाडणे प्रत्येक वेळी स्वतंत्र.
- तिचे मोल: काडतुसांची निवड काटेकोर, काजळी अधिक, अचूकता किंचित कमी.
- मॅगझिनमध्ये कडा एकमेकींत अडकणार नाहीत अशी योजना पाहावी. रुगरचे फिरते मॅगझिन हे तिचे उत्तम उदाहरण.
- पावसाळी मुलखात न फुगणारा दस्ता आणि सहज उघडून पुसता येणारे यंत्र श्रेष्ठ.
- भारतात सामान्य परवानाधारकाच्या आवाक्यात हाताने चालविण्याची ०.२२, आरंभ करणाऱ्यास हवेची रायफल.

निवडीचा निकष

आवडीची बंदूक निवडणे म्हणजे अखेर आपले काम निवडणे होय. आपली आपण भरणाऱ्या छोट्या रायफलीकडे मी यंत्रशास्त्राचा एक निर्मळ नमुना म्हणून आदराने पाहतो. एका दुबळ्या काडतुसाच्या उणिवेलाच साधेपणाचे साधन बनविणारी इतकी सरळ योजना यंत्रांच्या जगात विरळा. परंतु जव्हारचा किंवा मोखाड्याचा एखादा विद्यार्थी मला सल्ला विचारील, तर मी त्याला हाताने बोल्ट ओढण्याची, एकेक गोळी मोजून भरावयास लावणारी रायफलच सुचवीन. कायदा तिला अनुमती देतो, पावसात ती कमी कुरकुरते, आणि प्रत्येक बारानंतर बोल्ट उघडण्याकरिता जो क्षणभर विराम तिच्यामुळे घडतो, त्यातच मागचा नेम का चुकला हे शिकणाऱ्याला उमगते. जलद झाडण्याची कला नंतर केव्हाही साध्य होईल. प्रत्येक गोळीचा जबाब स्वतःला देण्याची सवय मात्र पहिल्याच रायफलीबरोबर लागली पाहिजे.